चकली टाळूला, विळी अंगठ्याला

आमच्या आणि काकूंच्या परसाच्या मध्ये कंबरेएवढी मेंदी आहे. लावली तेव्हा ते कुंपण होतं. आता मधोमध एक खिंडार पडलं आहे, तिथली माती पायांनी घासून गुळगुळीत झाली आहे. दहिवलीतली कुठलीही बातमी उल्हास नदीचा पूल ओलांडून कर्जत स्टेशनाकडे जायच्या आधी या खिंडारातून जाते. दोघींच्याही गॅसवर काहीतरी ठेवलेलं असतं, त्यामुळे दोघी तिथे ‘दोनच मिनिटं’ उभ्या असतो. त्या दोन मिनिटांत माझी किती दुधं उतू गेली, त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी काकूंनी काही न बोलता डावा अंगठा खिंडारातून पुढे केला.

“तेरा दिवस झाले. आज पट्टी काढली. बघ ध्यान.”

अंगठ्याच्या बुडाशी चांगली इंचभर खपली होती, कडेने उलत आलेली, आणि तिच्याखाली गुलाबी, ताणलेली, चकचकीत कातडी. धनत्रयोदशीला चिवड्यासाठी सुक्या खोबऱ्याचे काप करताना विळी सटकली होती. काकूंनी तेव्हाच्या तेव्हा मेंदीच्या बुडातला दगडीपाला चोळून लावला, वर हळद दाबली, चिंधी बांधली आणि उरलेलं खोबरं कापून संपवलं. (दगडीपाला म्हणजे एकदांडी, कुणी कंबरमोडीही म्हणतं. आपल्या आज्या-पणज्यांचं औषध म्हणून आपण कौतुक करतो, पण हे झाड मुळात अमेरिकेतून आलेलं आहे. असो.)

“भरतंय की हो,” मी म्हटलं.

“भरतंय! अगं, त्याच दिवशी पहिला घाणा काढला आणि चकली कुरकुरीत झाली का बघायला एक तोंडात टाकली. तिचा काटा टाळूत असा घुसला की रक्त आलं. जखम तीच, दिवस तोच. नरकचतुर्दशीला जरा झोंबली. पाडव्याला श्रीखंड खाल्लं तेव्हा टाळूला काही झालं होतं याची आठवणसुद्धा नाही. आता जीभ फिरवून शोधते, तर जागा सापडत नाही. एकाच बाईचं एकच रक्त, मग अंगठा काय सवतीचा आहे?”

प्रश्न चांगला होता. पण काकूंचे चांगले प्रश्न कधी एकटे येत नाहीत, त्यांच्यामागून घरचा कचरा येतो.

“आणि तुझे नाना! सहा महिने झाले, माझ्या हातचं तिखट झोंबतं म्हणे. चाळीस वर्षं हाच मसाला, हीच मिरची. परवा तर आमटीत पाणी ओतून जेवले. शिवाय नवं खूळ, वडापाव आणला की आधी तळहाताने चेपायचा, भाकरीसारखा. विचारलं तर म्हणतात, हल्लीचे पाव फुगीर असतात. कर्जतचा वडा खायला लोक गाडीतून उतरतात, आणि आमच्याकडे त्याचं थालीपीठ होतं.”

तेवढ्यात माझी भाची चहाचे दोन कप घेऊन मागून आली. ती नवी मुंबईत दाताच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, दिवाळीला आली होती आणि तुळशीचं लग्न आटोपून जाणार होती. अंगठा पाहून ती खाली वाकली.

“आजी, उघडा ठेवलाय होय? हवा लागायला?”

“मग! जखम वाळली म्हणजे बरी होते.”

“उलट आहे आजी. जखम वाळली की वर खपली धरते, आणि कडेच्या नव्या पेशींना त्या खपलीखालून वाट काढत सरकावं लागतं. ओल राहिली तर त्या सुळकन पुढे जातात. जॉर्ज विंटर म्हणून एका माणसाने १९६२ साली डुकरांच्या पाठीवर हे करून पाहिलं. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने आली. तोंडात खपली धरतच नाही. टाळू पहिल्या मिनिटापासून ओली.”

“म्हणजे लाळ,” काकू म्हणाल्या. “ते मला ठाऊक आहे. आमची आई पडलं-झडलं की थुंकी लावायची. कुत्रंसुद्धा जखम चाटतं.”

भाची हसली. म्हणाली, आईचं निम्मं बरोबर होतं. लाळेत हिस्टाटिन नावाची बारकी प्रथिनं असतात. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की माणसाच्या लाळेत जखमेच्या कडा जवळ आणणारा मुख्य घटक तोच. उंदरांच्या लाळग्रंथी काढून टाकल्या तर त्यांच्या अंगावरच्या जखमाही रेंगाळतात, कारण चाटायला कामाची लाळ उरत नाही. त्याहून जुनी गोष्ट स्टॅन्ली कोहेन यांची. त्यांनी उंदराच्या लाळग्रंथीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि ते नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचलं, तर पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. ते द्रव्य पेशींना वाढीचा हुकूम देत होतं. त्याबद्दल १९८६ सालचं नोबेल रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांच्यासोबत त्यांना मिळालं.

“मग लावू का थुंकी?” काकूंनी अंगठा तोंडाजवळ नेला.

“नको! लाळेत औषध आहे तसे जंतूही आहेत. तोंडाला त्यांची सवय असते, अंगठ्याला नसते. त्यात तुम्हाला शुगर. माणसाचा चावा डॉक्टर कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीरपणे घेतात.”

काकूंनी अंगठा पदराला पुसला आणि आवाज खाली आणला. त्यांनी आवाज खाली आणला की मी कप खाली ठेवते.

“चौकच्या माझ्या जावेचा भाऊ माहितीय ना? त्याचं पुण्याला ऑपरेशन झालं. दोन वर्षं लघवीला कुंथत होता बिचारा, मोटरसायकलवरून पडल्यापासून. तर डॉक्टरांनी काय करावं? गालातून आतली कातडी काढली आणि...” इथे त्यांनी डावी-उजवीकडे पाहिलं, “...तिथे लावली.”

“मूत्रमार्गाला,” भाची म्हणाली.

“अगं हळू!”

पलीकडे ओटीवर नाना पेपर वाचत होते. पेपर जरा खाली आला.

“तेच तर मी सांगतेय आजी! मूत्रमार्ग आतून आवळला की त्याला ठिगळ लावायला लागतं. आधी बाहेरची कातडी लावायचे. पण ती मुळात कोरड्या जागेची, कायम ओल्यात राहिली की कुरकुर करते. त्यात केसाचं मूळ असलं तर आत केस उगवायचा आणि त्या केसावर खडा धरायचा. गालाच्या आतलं अस्तर ओल्यातच जन्मलेलं. जाड, चिवट, केस नाही, खाली रक्ताचा भरपूर पुरवठा. शिवाय जिथून काढलं ती गालातली जागा दोन-तीन आठवड्यांत आपली आपण भरून येते. अशा ऑपरेशनमध्ये पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांचं जगभर नाव आहे. एकाच बाजूने मार्ग मोकळा करून आतून गालाचं अस्तर बसवायची त्यांची पद्धत २००९ साली प्रसिद्ध झाली, आणि परदेशातले सर्जन ती त्यांच्या नावानेच ओळखतात. गाल आपला पुण्याचा, नाव जगात.”

“म्हणूनच मेला तो डॉक्टर पहिल्यांदा ‘तोंड उघडा’ म्हणाला!” काकूंचा चेहरा उजळला. “जाऊ म्हणाली, दुखणं कुठे आणि हा बघतोय कुठे. आम्ही म्हटलं, बदला डॉक्टर.”

“बघणारच. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याचं अस्तर खराब झालेलं असतं, ते घेऊन उपयोग नसतो. तोंड नीट उघडतं का, तेही बघतात.”

ओटीवरचा पेपर पुन्हा वर गेला. मी ते तेव्हा पाहिलं, पण जमेस धरलं नाही.

उलटी गोष्टही घडते, असं भाची म्हणाली. तोंडातलं बाहेर, तसं बाहेरचं तोंडात. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये, म्हणजे १९४१ पासून कॅन्सरसाठी आख्खा महाराष्ट्र जिथे धाव घेतो तिथे, गालाच्या कॅन्सरचे रुग्ण रोज येतात. गालाचा आजारी भाग कापून काढला की भोक पडतं. ते बुजवायला छातीची नाहीतर हाताची कातडी, खालच्या मांसासकट, आत वळवून बसवतात. ती कातडी तोंडात जगते. पण तोंडाची होत नाही.

आता पेपर घडी होऊन बाजूला गेला आणि नाना स्वतः खिंडारापाशी आले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, पंचवीस वर्षं बँकरवर काढलेली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, हा बँकर बँकेतला नव्हे. कर्जतहून लोणावळ्याकडे गाडी चढवायची तर भोर घाटाचा चढ आहे सदतीसास एक. १८६३ साली घाट उघडला तेव्हापासून तो चढ काही कमी झालेला नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावून ती ढकलत नेतात. ती इंजिनं म्हणजे बँकर. तेवढ्या वेळात प्रवासी उतरून वडा घेतात.

“आमच्या शेडमधला एक जण होता,” नाना म्हणाले. “गालाचं ऑपरेशन, छातीची कातडी आत. वर्षभराने म्हणाला, नाना, तोंडात केस येतात. आम्हाला वाटलं, याचं डोकं फिरलं. मग त्याने बॅटरी मारून दाखवलं. खरंच होते. आरशात बघून कात्रीने कापायचा.”

“इश्श! शी!” काकू.

“खरं आहे ते,” भाची म्हणाली. “लाईटचा, म्हणजे रेडिएशनचा, कोर्स दिला तर बऱ्याचदा ते केस झडतात. नाही तर छाती ती छातीच. लाळेत चोवीस तास बुडालेली, पण केस उगवायचे ते उगवणारच.”

जित्याची खोड. मला लगेच कावसजी आठवला, कारण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि कुठल्याही गप्पांत टिपू येईपर्यंत मला चैन पडत नाही. १७९२ च्या लढाईत हा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक कापलं, एक हातही तोडला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि त्या मापाने कातडी उचलली, देठ तसाच राखून. दोन इंग्रज डॉक्टर बघत होते. ती हकीकत चित्रासकट लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि तिथून युरोपात नाकं बांधायची विद्या नव्याने सुरू झाली.

“आणि कपाळावर काय राहिलं?” काकूंनी बरोबर विचारलं.

“व्रण. चित्रातसुद्धा काढलाय.”

“बघ! नाक आलं, पण कपाळ विसरलं नाही. माझा अंगठाही असाच राहणार. टाळू मात्र... अगं, पण मग सगळं लाळेवर नाही तर कशावर?”

भाचीने चहाचा रिकामा कप मेंदीवर ठेवला. (तो पडला. दोन तासांनी सापडला.) ती म्हणाली, हेच तर लोकांना नक्की माहीत नव्हतं. मग अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी तीस धडधाकट माणसं घेतली. प्रत्येकाच्या गालाच्या आत आणि दंडाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे सारख्याच बारीक जखमा केल्या, भरत असताना तुकडे काढून तपासले, आणि दोन्हीकडच्या पेशींत कुठली जनुकं जागी आहेत ते मोजलं. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. गाल जलद भरला यात नवल नव्हतं. नवल हे होतं की जखमेनंतर दंडाच्या कातडीत जी जनुकं जागी होतात, त्यातली बरीचशी गालात जखम करण्याच्या आधीच जागी होती. काहीही लागलेलं नसताना!

“म्हणजे बँकर,” नाना म्हणाले.

आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“कर्जतला गाडी आली की बँकर शोधायला जावं लागत नाही. तो उभाच असतो, चालू. गाडी थांबली, जोडला, निघाला. तुझी कातडी म्हणजे मधलं स्टेशन. तिथे गाडी अडकली तर आधी फोन, मग कंट्रोल, मग इंजिन मोकळं आहे का, मग ते येणार. तोवर पाशिंजर रुळावर उतरून भांडणार.”

इतकी वर्षं मी वर्गात उदाहरणं दिली, पण असं एक जमलं नाही. भाचीने तर ते वहीत लिहून घेतलं.

त्या उभ्या बँकरला संशोधकांनी दोन नावं दिली आहेत. सॉक्स-२ आणि पिट्क्स-१.

“पायमोजे?” काकू.

“नावापुरते. ही प्रथिनं पेशीच्या आत बसून कुठलं जनुक चालू करायचं ते ठरवतात. तोंडात ती कायम असतात, कातडीत जवळजवळ नसतात. मग त्यांनी उंदराच्या कातडीत सॉक्स-२ मुद्दाम वाढवलं. जी जखम भरायला नऊ दिवस लागायचे, ती तीन दिवसांत भरली.”

“मग मिळतं का ते मेडिकलमध्ये?”

“उंदराला, आजी. आणि पेशींना वाढीचा हुकूम देणारी वस्तू अशी मलम म्हणून विकता येत नाही. हुकूम थांबला नाही तर त्यालाच कॅन्सर म्हणतात.”

आता भरायचा वेग ही एक गोष्ट, आणि खूण न राहणं ही दुसरी. काकूंचा खरा राग दुसऱ्या गोष्टीचा होता. त्यावर भाची जे म्हणाली, ते मी माझ्या शब्दांत सांगते. कातडी कापली की तिथे गर्दी होते. रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, जंतू खातात, मेलेलं उचलतात, हे त्यांचं काम. पण कातडीतली गर्दी फार मोठी आणि फार वेळ रेंगाळणारी. भांडण मिटलं तरी बघे हटत नाहीत, तशी. त्या गोंधळात तंतू विणणाऱ्या पेशी घाईघाईने भोक ओढून घेतात आणि कोलाजेनचे जाड धागे एकाच दिशेने मारून मोकळ्या होतात. गोधडीला पोत्याच्या सुतळीने ठिगळ लावावं तसं. वर्षभर त्या धाग्यांची फिरवाफिरव चालते, तरी व्रणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण ऐंशी टक्क्यांवर जात नाही, आणि त्यावर ना केस उगवत, ना घाम सुटत. टाळूवर मात्र तीच माणसं थोडी येतात, काम करतात, निघून जातात. धागे बारीक, विणीला धरून. गालाचं अस्तर तर एरवीही दोन आठवड्यांत नवं होत असतं, कातडीला त्याला महिना लागतो. काही जणांच्या कातडीवर व्रण फुगून जखमेबाहेर पसरतो, त्याला केलॉइड म्हणतात. कान टोचल्यावर पाळीला गाठ आलेली बाई सगळ्यांनी पाहिलेली असते. पण टाळूला केलॉइड आलेला माणूस भाचीच्या कॉलेजातल्या सरांनीही पाहिलेला नाही.

“देवाने बरोबर केलंय,” काकू म्हणाल्या. “तोंडाला रोजच काहीतरी लागतं. चटका, माशाचा काटा, भाकरीचा कडक पापुद्रा. प्रत्येक वेळी खूण राहिली असती तर या वयात तोंडात जीभ हलवायला जागा उरली नसती. तुमचं तर आधीच बंद पडलं असतं,” हे शेवटचं नानांना उद्देशून.

दोन गोष्टी भाचीने ओघात सांगितल्या. ओहायोतल्या संशोधकांनी दाताच्या कॉलेजातल्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूला दोनदा सारखीच बारीक जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी चाळीस टक्के जास्त वेळ लागला, आणि सुट्टीइतक्या लवकर एकाचीही भरली नाही. हे १९९८ साली छापून आलं. भाचीची परीक्षा डिसेंबरात आहे, म्हणून तिने माझ्या चकल्यांना हात लावला नाही असं तिचं म्हणणं. माझ्या चकल्या मऊ पडल्या होत्या हे खरं कारण. दुसरी गोष्ट, तोंडातल्या जखमा बायकांच्या पुरुषांपेक्षा जरा हळू भरतात, आणि वय वाढलं की आणखी हळू, असं शिकागोत मोजलेलं आहे.

“तेही बायकांच्याच वाट्याला,” काकू म्हणाल्या. “भरत कशा असतील? बोलायला तरी मिळतं का?” नाना काहीतरी म्हणणार होते, पण तोंडातल्या तोंडात राहिलं. त्यांनी खिशातून अडकित्ता काढला.

कट्.

भाचीने मान वळवली. त्या आवाजाकडे तिने असं पाहिलं, जसं आम्ही मास्तर लोक मागच्या बाकावरच्या कुजबुजीकडे पाहतो.

“नाना, दिवसाला किती?”

“किती काय? सुपारी गं. तंबाखू नाही, चुना नाही. गुटखा सरकारने २०१२ साली बंद केला, मी त्याच्या आधीपासून शिवत नाही. ही श्रीवर्धनची रोठा आहे. आपल्या जिल्ह्याची. देवाला चालते.”

“देव ती चघळत नाही, नाना. आजी, तुम्ही मघाशी काय म्हणालात? तिखट झोंबतं म्हणून? सहा महिने?”

“हो.”

“आणि वडापाव चेपून खातात?”

काकू गप्प झाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना खिंडारापाशी गप्प झालेलं बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं.

भाचीने मग जे सांगितलं ते हळू आणि साध्या आवाजात सांगितलं. तोंडाला खूण राहत नाही, ही मघापासूनची गोष्ट खरी. एक अपवाद सोडून. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या तंतू विणणाऱ्या पेशींना विणतच राहायला लावतं, आणि जुने तंतू मोडायचं काम थंडावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. कोलाजेनचे धागे एकमेकांना पक्के बांधणाऱ्या विकराला नेमकं तेच लागतं. जखम दिसत नाही, रक्त येत नाही, आणि गाल मात्र आतून व्रण होत जातो. पहिली खूण म्हणजे तिखट सोसत नाही. मग अस्तर पांढुरकं पडतं, गालात दोऱ्यांसारखे पट्टे लागतात, आणि तोंड उघडेनासं होतं. १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात श्वार्ट्झ यांनी हे टिपलं, पुढच्याच वर्षी डॉ. जोशी यांनी ते भारतातून लिहिलं. आता दाताच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात असा रुग्ण बघायला मिळतो, बरेचदा विशीतला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी केरळात एर्नाकुलमला अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी माणसाला कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालच्या ग्रंथात स्वच्छ लिहिलं आहे.

“सोडली की सुटतं का?” हे मी विचारलं. काकू अजून गप्पच होत्या.

“आवळलेलं आपोआप सैल होत नाही. पण पुढे आवळायचं थांबतं. लवकर पकडलं तर व्यायामाने, इंजेक्शनांनी बरंच उघडतं. आणि तोंडात कुठलीही जखम, कुठलाही चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, तर दाखवायचाच. तोंडाची जखम इतके दिवस रेंगाळत नाही. रेंगाळली म्हणजे काहीतरी चुकलं आहे.”

नाना म्हणाले, हे सगळं गुटखेवाल्यांचं. भाची म्हणाली, मग सोपं आहे, आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि पुढच्या दातांमध्ये घाला. चांगल्या तोंडात तिन्ही जातात. काकूंनी घातली, गेली. मी घातली, गेली. अगदी कवळीसकट.

नानांनी आधी चष्मा काढून पुसला. मग घाट उतरताना ब्रेक तपासावेत तसं एकेक बोट मोजून तोंडाशी नेलं. दोन गेली. तिसरं बोट दातांवर टेकलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी हनुवटी खाली ओढून पाहिली, पुन्हा टेकलं.

कुणी काही बोललं नाही. माझ्या घरातून दूध करपल्याचा वास येत होता.

काकूंनी खपलीवाला अंगठा जपत नानांच्या हातातून अडकित्ता काढून घेतला, खिशातली डबीही घेतली आणि दोन्ही खिंडारातून माझ्या हातात दिलं. सोमवारी भाचीबरोबरच दोघं नवी मुंबईला तिच्या कॉलेजात दाखवायला गेले. अडकित्ता माझ्याकडेच आहे, फ्रिजच्या वर.